प्रकाश मोजायचा कुठे, एक्स्पोजर धरून ठेवायचं कसं

खिडकीला पाठ करून कोणी बसलंय. फोटो काढला, तर खिडकीबाहेरचं झाड पानापानासकट दिसतं आणि माणसाचा चेहरा मात्र काळवंडलेला. दोष लेन्सचा नाही आणि कॅमेरा स्वस्तातला आहे म्हणूनही असं झालेलं नाही. कॅमेऱ्याने चौकटीतला प्रकाश मोजला आणि चौकटीत खिडकीचंच राज्य होतं.

यावरचा उपाय म्हणजे एक्स्पोजर लॉक. आपण कॅमेऱ्याला बजावतो, की मोज इथे आणि फोटो काढ तिथे. बटण कुठलं, हे पाच मिनिटांत समजतं. मोजायचं कशावर, हे समजायला वेळ लागतो, म्हणून या लेखातली जास्त जागा त्यालाच दिली आहे. अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ म्हणजे काय एवढं माहीत असेल आणि ‘एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा’ हे ठाऊक असेल, तर पुढचं सगळं जमेल.

मीटरला काय दिसतं

कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवरून परावर्तित होऊन आलेला प्रकाश मोजतो. समोर सावलीतला पांढरा सदरा आहे की उन्हातली काळी म्हैस, हे त्याला मुळात कळत नाही. तो एकच गोष्ट गृहीत धरतो, की जिथे मोजलं ती जागा मध्यम करडी आहे. छायाचित्रणात या करड्याला १८ टक्के करडा म्हणतात, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परत पाठवणारा पृष्ठभाग. मग तो मीटर पांढऱ्यालाही करडं करतो आणि काळ्यालाही.

हे वाचून सोडून देऊ नका, घरी करून बघा. एकाच उजेडात एक पांढरी चादर आणि एक काळी घोंगडी किंवा शाल पसरा. कॅमेरा ए मोडवर (कॅननवर एव्ही; यात अ‍ॅपर्चर आपण ठरवतो आणि शटर कॅमेरा), एफ/५.६, आयएसओ ४००. फोकस हाताने करा, कारण सपाट कापडावर ऑटोफोकस चाचपडत राहतो. आधी चादरीने चौकट पूर्ण भरून फोटो घ्या, मग घोंगडीने. दोन्ही फोटो जवळपास सारखेच करडे येतील. आता शटरचे आकडे बघा. समजा चादरीला १/५०० आला आणि घोंगडीला १/३०, तर फरक चार स्टॉपचा झाला. उजेड तर दोन्हींवर तोच होता! बरोबर एक्स्पोजर या दोहोंच्या मध्ये, १/१२५ च्या आसपास आहे. एम मोडवर (शटर आणि अ‍ॅपर्चर दोन्ही हाताने) तो लावून दोन्ही पुन्हा काढले, की चादर पांढरी दिसते आणि घोंगडी काळी.

या एका प्रयोगातून दोन आकडे हाती लागतात. स्वच्छ पांढऱ्यावर मोजलं तर मीटरने सांगितल्यापेक्षा सुमारे दोन स्टॉप जास्त उजेड द्यायचा (+२), गडद काळ्यावर मोजलं तर सुमारे दोन स्टॉप कमी (−२). बाकीचं सगळं या दोघांच्या मध्ये बसतं.

मीटरिंगचे प्रकार, थोडक्यात

पूर्ण चौकट भागांत वाटून, त्यांची तुलना करून निर्णय घेणारी पद्धत निकॉनमध्ये मॅट्रिक्स, कॅननमध्ये इव्हॅल्युएटिव्ह आणि सोनी-फुजीफिल्ममध्ये मल्टी या नावाने मिळते. १९८३ साली निकॉनच्या एफए या फिल्म कॅमेऱ्यात ती पहिल्यांदा आली. आजचे कॅमेरे त्यात फोकस बिंदूला जास्त वजन देतात आणि बरेचसे चेहराही ओळखतात. रोजच्या फोटोंना हीच पद्धत उत्तम. पण ती नक्की कशाला किती वजन देते हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे शिकताना तिचा उपयोग कमी.

सेंटर-वेटेड पद्धत मधल्या भागाला जास्त महत्त्व देते. स्पॉट मीटर मात्र चौकटीचा अगदी छोटा तुकडा वाचतो, मॉडेलनुसार साधारण दीड ते चार टक्के. लॉकसोबत वापरायला हाच सर्वांत सरळ, कारण मोजलं कुठे याबद्दल शंका उरत नाही. एक फरक लक्षात ठेवा. निकॉनमध्ये स्पॉटचा गोल तुम्ही निवडलेल्या फोकस बिंदूबरोबर सरकतो. कॅननच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत) तो मधोमधच राहतो, फोकस बिंदू कुठेही असो. हे माहीत नसेल तर चेहऱ्यावर फोकस होतो आणि मोजमाप भिंतीचं होतं.

आधी कॅमेरा नीट लावून घ्या

ए मोड ठेवा आणि आयएसओ ठरावीक ठेवा. ऑटो आयएसओ शिकण्यापुरता बंद करा. तो चालू असला की शटर आणि आयएसओ दोन्ही बदलत राहतात आणि मीटरने नेमकं काय केलं ते वाचता येत नाही. निकॉनमधलं अ‍ॅक्टिव्ह डी-लाइटिंग आणि कॅननमधलं ऑटो लाइटिंग ऑप्टिमायझर हेही बंद करा. ते सावल्या परस्पर उजळवतात आणि आपल्या मोजमापाचा परिणाम झाकून टाकतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (वरचे अधिक-वजा स्टॉप लावायची सोय) शून्यावर आणा. फोटो बघताना जळालेले, म्हणजे तपशील जाऊन नुसते पांढरे झालेले भाग लुकलुकून दाखवणारा हायलाइट अलर्ट आणि हिस्टोग्राम (फोटोत गडद-उजळ भाग किती आहेत ते दाखवणारा आलेख) चालू करा.

आता बटण. कॅननवर अंगठ्याजवळ चांदणीची खूण असलेलं बटण असतं. निकॉनवर एई-एल/एएफ-एल, सोनीवर एईएल (एई म्हणजे ऑटो एक्स्पोजर, एएफ म्हणजे ऑटोफोकस). नव्या लहान कॅमेऱ्यांत वेगळं बटण नसेल तर मेनूतून एखाद्या बटणाला हे काम देता येतं.

निकॉन वापरणाऱ्यांनी इथे थांबून एक बदल करावाच. एई-एल/एएफ-एल हे बटण मुळात एक्स्पोजर आणि फोकस दोन्ही एकदम अडकवतं. गवतावर मोजलं, बटण धरलं, कॅमेरा माणसाकडे वळवला, की फोकस गवतावरच राहिलेला असतो. बटणांच्या मेनूत जाऊन त्याचं काम ‘फक्त एई लॉक’ करा. तिथेच ‘एई लॉक (होल्ड)’ असाही पर्याय असतो. त्यात एकदा दाबलं की लॉक लागतो आणि पुन्हा दाबलं की सुटतो. सोनीतही ‘होल्ड’ आणि ‘टॉगल’ असे दोन प्रकार आहेत, पण शब्दांचा अर्थ उलट आहे. तिथे होल्ड म्हणजे बोट दाबून धरायचं. सुरुवातीला दाबून धरण्याचा प्रकार निवडा. बोट उचललं की सुटतो, त्यामुळे विसरण्याची भीती नाही.

शटरचं बटण अर्धं दाबल्यावर काय होतं, यातही कंपन्यांचं एकमत नाही. कॅननच्या डीएसएलआरवर इव्हॅल्युएटिव्ह मीटरिंग आणि वन-शॉट (एकदा लागला की तिथेच थांबणारा) फोकस असेल, तर फोकस लागताक्षणी एक्स्पोजरही लॉक होतं. स्पॉट, पार्शल (स्पॉटपेक्षा थोडा मोठा मधला भाग मोजणारी पद्धत) किंवा सेंटर-वेटेडमध्ये मात्र ते होत नाही, फोटो निघतानाचं मोजमाप धरलं जातं. निकॉनच्या डीएसएलआरवर अर्ध्या दाबाने फक्त फोकस अडकतो. एक्स्पोजरही अडकवायचं असेल तर मेनूत वेगळं चालू करावं लागतं. म्हणून अर्ध्या दाबावर विसंबू नका, स्वतंत्र बटणाची सवय लावा.

प्रत्यक्ष कृती

१. मीटरिंग स्पॉटवर आणा आणि फोकस बिंदू मधला निवडा. मग कॅनन असो की निकॉन, मोजमाप मधोमधच होईल.

२. ज्यावर मोजायचं त्यावर मधला बिंदू न्या. तो भाग स्पॉटच्या गोलापेक्षा मोठा दिसला पाहिजे. लहान दिसत असेल तर जवळ जा किंवा झूम करा.

३. मोजलेली जागा मध्यम करड्यापेक्षा उजळ आहे की गडद, हे ठरवून कॉम्पेन्सेशन आधीच लावा.

४. शटर अर्धं दाबून मीटर जागा करा आणि लॉकचं बटण दाबून धरा. व्ह्यूफाइंडरमध्ये एई-एल किंवा चांदणीची खूण दिसली पाहिजे. शटरचा आकडा मनात नोंदवा.

५. बटण न सोडता चौकट हवी तशी लावा. आकडा बदलत नाही ना ते पाहा. बदलला तर लॉक लागलेलाच नाही.

६. विषयावर फोकस करा आणि शटर पूर्ण दाबा. आणखी फोटो हवे असतील तर लॉकचं बटण धरूनच ठेवा.

७. हिस्टोग्राम आणि लुकलुकणारे भाग बघा. महत्त्वाचा भाग जळला असेल तर कॉम्पेन्सेशन १/३ किंवा २/३ ने खाली आणून पुन्हा सुरुवातीपासून.

लॉक असताना ए मोडमध्ये अ‍ॅपर्चर बदललं, तर कॅमेरा शटर आपोआप त्या प्रमाणात बदलतो. मोजलेला उजेड तोच राहतो. एफ/५.६ आणि १/५०० वर लॉक केलं आणि डायल एफ/८ वर नेला तर १/२५० दिसेल. तो बिघाड नाही.

मोजायचं कशावर

सर्वांत बिनचूक साधन म्हणजे ग्रे कार्ड, १८ टक्के करड्या रंगाचा पुठ्ठा. विषयाच्याच उजेडात, कॅमेऱ्याकडे तोंड करून धरायचं, त्यावर मोजायचं, लॉक करायचं, बाजूला घ्यायचं. कॉम्पेन्सेशन शून्य. कार्ड चकाकणार नाही अशा कोनात धरा, नाहीतर आकडा खोटा येतो.

कार्ड नसेल तर तळहात आहेच. तो बहुतेकांचा मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून त्यावर मोजून +१ लावायचं. तुमच्या तळहाताचा नेमका फरक एकदाच काढून ठेवा. एकाच उजेडात कार्ड आणि हात दोन्ही मोजा, शटरमधला फरक हाच तुमचा आकडा. हातावर ऊन आणि विषय सावलीत असं मात्र चालत नाही. उन्हात दाट हिरवं गवत आणि जुना, धुरकट झालेला डांबरी रस्ता हेही मध्यम करड्याच्या जवळचे असतात. नवा काळाकुळीत रस्ता नाही.

चेहऱ्याच्या बाबतीत परदेशी पुस्तकांतला +१ जसाच्या तसा उचलू नका. तो गोऱ्या कातडीसाठीचा आहे. गव्हाळ चेहऱ्याला शून्य ते +१/३ पुरतं, सावळ्याला −१/३ ते −२/३. सावळ्या चेहऱ्याला +१ दिलं की गाल आणि कपाळ फिकट, पिठूळ दिसतात आणि माणूस स्वतःसारखाच राहत नाही. मोजताना कपाळावरची चमक टाळा, उजेडाच्या बाजूच्या गालावर मोजा.

आता ती खिडकी. संपूर्ण चौकट मोजली तर एफ/५.६ आणि आयएसओ २०० ला १/५०० येतो असं धरा. गालावर स्पॉट मोजला तर १/६०. फरक तीन स्टॉपचा, म्हणजे चेहऱ्याला आठपट कमी प्रकाश मिळत होता. १/६० वर लॉक करा. खिडकीबाहेरचं जळेल आणि ते चालतं, कारण फोटो माणसाचा आहे. दोन्ही हवं असेल तर लॉकचा इथे उपयोग नाही. माणसाला वळवून बसवा, पांढऱ्या कापडाने उजेड परतवा किंवा फ्लॅश वापरा.

मोजण्याचा कस लागतो तो खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या मंदिराच्या स्वर्गमंडपाला छतात मोठी गोल मोकळी जागा आहे. ऊन तिथून थेट खालच्या वर्तुळाकार शिळेवर उतरतं आणि भोवतीचे खांब सावलीत राहतात. भर उन्हात या दोहोंत पाच-सहा स्टॉपचा फरक सहज पडतो. मॅट्रिक्सला हा तिढा सुटत नाही. तो मधलं काहीतरी देतो, शिळाही जळते आणि खांबही मळकट येतात. इथे आधी ठरवावं लागतं, फोटो उजेडाचा की नक्षीचा. उजेडाचा असेल तर उन्हातल्या दगडावर स्पॉट मोजा, +२/३ ते +१ देऊन लॉक करा आणि खांबांना गडद राहू द्या. नक्षीचा असेल तर खांबावर मोजा. काळा बेसाल्ट मध्यम करड्याहून गडद असतो, म्हणून −२/३ ते −१ द्या. नाहीतर दगड राखेसारखा फिकट होतो आणि त्याचं वजनच जातं. अशा चौकटीत वरचं आकाश न घेतलेलं बरं.

हाच −१ गडकोटांच्या ओल्या तटबंदीलाही लागतो. पावसाळ्यात भिजलेला दगड आणखी गडद होतो आणि मागे धुक्याचं फटफटीत पांढरं आकाश असतं. तटावर मोजलं तर वजा, धुक्यावर मोजलं तर +१ ते +१ २/३.

आषाढी वारीत पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या आणि वर ढगाळ आभाळ. चौकट बव्हंशी पांढरी, म्हणून मीटर सगळी दिंडी मळकी करून टाकतो. दूरच्या दृश्याला मॅट्रिक्स आणि +२/३ ते +१ पुरतं. एखाद्या वारकऱ्याचा जवळून चेहरा घेताना मात्र गालावर स्पॉट, वर सांगितलेला चेहऱ्याचा आकडा आणि लॉक. टोपी थोडी जळते का, तेवढं बघा.

‘पांढरं दिसलं की अधिक, काळं दिसलं की वजा’ हा नियम चौकट त्या रंगाने भरली असेल तरच खरा. गडद पाण्यावर उभा असलेला बगळा चौकटीत अगदी लहान असतो. मॅट्रिक्स पाणी मोजतो, पाणी उजळवतो आणि बगळ्याची पिसं जाळून टाकतो. इथे पांढऱ्या पक्ष्याला −१ लागतं! उलट, आकाशासमोर तारेवर बसलेल्या काळ्या कोतवाल पक्ष्याला +१ ते +२. बगळ्यावर स्पॉट मोजता आला तर पुन्हा मूळ नियम लागू, सुमारे +१ २/३.

सूर्यास्ताला सूर्य चौकटीत घेऊन मोजू नका. तसं केलं की सूर्य सोडून सगळं काळं होतं. सूर्य चौकटीच्या जरा बाहेर राहील असं बाजूचं आकाश मोजा, लॉक करा, मग चौकट लावा. आकाशाचा रंग आणखी गडद हवा असेल तर −२/३. टेलिफोटो लेन्समधून, डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावून सूर्याकडे बघायचं नाही. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. स्क्रीनवर बघून काढा.

रंगमंचावर काळा पडदा आणि नटाच्या तोंडावर झोत. मॅट्रिक्स पडद्याकडे पाहून चेहरा जाळतो. चेहऱ्यावर स्पॉट आणि लॉक, पण प्रकाशयोजना बदलली की तो लॉक शिळा झाला. लावणीसारख्या वेगवान नाचाला शटर १/२५० च्या खाली येऊ देऊ नका, त्यासाठी आयएसओ वाढवा.

लॉक कधी सोडून द्यावा

उजेड स्थिर आहे आणि त्याच जागी वीस-पंचवीस फोटो काढायचे आहेत, तर बटण धरून बसण्यात अर्थ नाही. एम मोडवर जा. तळहातावर स्पॉट ठेवा, मीटरची पट्टी +१ दाखवेपर्यंत शटर फिरवा, झालं. लग्नाच्या मांडवात किंवा समूहफोटोला हीच रीत बरी. एम मोडमध्ये आयएसओ ठरावीक असेल तर लॉकच्या बटणाला कामच उरत नाही. ऑटो आयएसओ असेल तर ते बटण आयएसओ अडकवतं.

पॅनोरमासाठीही एम. प्रत्येक चौकटीला कॅमेरा वेगळं मोजू लागला की आकाशात जोडांचे पट्टे दिसतात. सर्वांत उजळ भाग जळणार नाही असं एक एक्स्पोजर ठरवा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका आणि फोकसही हाताने करून सोडा.

मिररलेस कॅमेरा असेल तर स्क्रीनवर परिणाम आधीच दिसतो. झेब्रा पट्टे चालू केले की जळणारा भागही दिसतो. अशा कॅमेऱ्यावर पट्टे जेमतेम नाहीसे होईपर्यंत कॉम्पेन्सेशन खाली आणून लॉक करणं हा सर्वांत जलद मार्ग. मोबाइलवरही हेच तत्त्व आहे. बऱ्याच फोनवर विषयावर बोट दाबून धरलं की एक्स्पोजर आणि फोकस दोन्ही अडकतात, मग बोट वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करता येतो.

काय बिघडतं आणि का

लॉक मध्येच सुटतो. बोट निसटतं किंवा मीटर झोपी जातो. एकदा दाबून लागणारा लॉकसुद्धा मीटर बंद झाला की जातो. मीटर किती सेकंद जागा राहावा हे निकॉनच्या मेनूत वाढवता येतं.

पुढचे सगळेच फोटो काळे किंवा पांढरे येऊ लागतात. एकदा दाबून लागणारा लॉक सुटलेला नाही, किंवा कॉम्पेन्सेशन शून्यावर आणायचं राहिलं. आधी दुसरं कारण तपासा, तेच जास्त वेळा असतं.

झूम करून मोजलं आणि मागे येऊन काढलं, तर आकडा चुकतो. १८-५५ सारख्या लेन्सचं सर्वांत मोठं अ‍ॅपर्चर १८ वर एफ/३.५ आणि ५५ वर एफ/५.६ असतं. पूर्ण उघडं ठेवून झूम केलं की अ‍ॅपर्चर स्वतःच सरकतं. मोजण्याआधीच एफ/५.६ किंवा एफ/८ लावून ठेवा.

शटरचा आकडा लुकलुकतो. म्हणजे कॅमेऱ्याची मर्यादा संपली, उदाहरणार्थ १/४००० वर गेल्यावरही उजेड जास्तच आहे. आयएसओ कमी करा किंवा अ‍ॅपर्चर बारीक करा, मग पुन्हा लॉक.

बाहेर उन्हात स्क्रीन अंधुक दिसते, म्हणून नवखे लोक फोटो उगाच उजळवतात आणि घरी आल्यावर आकाश गेलेलं दिसतं. उन्हात हिस्टोग्रामच बघा. जेपेगमध्ये जळालेला पांढरा परत येत नाही. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) थोडाफार येतो, पण सावल्या उजळवणं त्याहून कितीतरी सोपं असतं, म्हणून शंका आली तर १/३ कमी.

ट्रायपॉडवर डीएसएलआर ठेवून, डोळा न लावता फोटो काढले तर ते गडद येतात. मागून व्ह्यूफाइंडरमध्ये शिरलेला उजेड मीटरला फसवतो. कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर येणारं छोटं रबरी झाकण त्यासाठीच असतं. ते हरवलं असेल तर हाताने झाका किंवा लाइव्ह व्ह्यू वापरा, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून काढा.

फ्लॅश लावला आणि लॉक करूनही चेहरा भगभगीत आला, तर लॉक फक्त सभोवतालच्या उजेडाचा लागला होता, फ्लॅशच्या ताकदीचा नाही. तिचा लॉक वेगळा. कॅननच्या अनेक मॉडेलांवर फ्लॅश चालू असताना तेच चांदणीचं बटण एक चाचणीचा झोत टाकून फ्लॅशचं मोजमाप अडकवतं. निकॉनवर त्यासाठी एफव्ही लॉक आहे, तो ज्या मॉडेलात असेल तिथे मेनूतून एखाद्या बटणाला द्यावा लागतो. चेहरा मधोमध ठेवून झोत टाका, मग चौकट हलवा.